दुगुनीचे गणित

पखवाज किंवा तबला शिकावयास आलेल्या मुलाला आम्ही फार लवकर दुगुन शिकवतो. चौतालाच्या बारा मात्रा आधी ठाय लयीत, मग तेच बोल दुपटीने, मग चौपटीने. दुगुन मुलांना सोपी वाटते आणि ती घाईने चौगुनीकडे धाव घेतात. चौगुनीत हात अडखळला की दोष चौगुनीला देतात. आमचे अण्णा त्या वेळी हात धरून थांबवीत आणि म्हणत, "चौगुनीत मोडलास ना, तो दुगुनीतच चुकला होतास. तेव्हा ऐकू आलं नाही, इतकंच."

अण्णा होळकर दरबाराच्या अगदी शेवटच्या नेमणुकीतले पखवाजी. संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते विशीतही नव्हते, आणि मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. नाना पानसे यांच्या पखवाजाने ज्या इंदुरात पाय रोवले, त्या इंदुरात लयीच्या हिशेबाविषयी मी काही नवे सांगावे असे नाही. परंतु अण्णांच्या त्या वाक्याचा खरा अर्थ मला तालमीत कळला नाही. तो २०२० सालच्या मार्च महिन्यात, एका साथीच्या निमित्ताने कळला. ती हकीकत, आणि नव्या रोगाच्या आरंभी गणित मांडणाऱ्या माणसांची हकीकत, आज वाचकांपुढे ठेवतो.

त्या वर्षी अण्णांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम रविवारी, १५ मार्चला ठरला होता. दरवर्षीप्रमाणे वर्गातली मुले वाजवणार, शेवटी एक स्वतंत्र पखवाजवादन, आणि लेहरा धरावयास अण्णांचे जुने साथीदार पेटीवाले काका. काका तेव्हा ऐंशीच्या घरात. वर्षभर ते कुठे बाहेर पडत नसत. परंतु या एका दिवसासाठी पंधरा दिवस आधीपासून पेटी काढून बसत.

गुरुवारी संध्याकाळी एक जुना विद्यार्थी घरी आला. हा महाविद्यालयात गणित शिकवतो. चपला काढता काढताच म्हणाला, "गुरुजी, रविवारचा कार्यक्रम रद्द करा."

"का रे? गावात एक तरी रोगी आहे का?"

"सापडलेला नाही. आपल्याला एवढंच माहीत आहे."

मला राग आला. त्याच सुमारास रंगपंचमीची गेरही होणार नाही असे कळले होते. राजवाड्यापुढून गेर निघाली नाही असे वर्ष आमच्या आठवणीत नव्हते, त्यामुळे गावात कुरकुर चालली होती. रोगी चीनमध्ये, इटलीत. आणि रंग बंद इंदुरात! विद्यार्थ्याने शांतपणे निमंत्रणपत्रिका उलटी केली, खिशातले पेन काढले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहावयास सुरुवात केली.

त्याने पहिली हकीकत सांगितली ती चीनमधल्या वुहान शहराची. जानेवारी २०२० च्या मध्यावर वुहानमध्ये नव्या रोगाचे ४१ रोगी निश्चित झाल्याचे जाहीर होते. त्याच वेळी चीनबाहेर तीन रोगी सापडले. दोन थायलंडात, एक जपानात. तिघेही वुहानहून आलेले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी या तिघांवरूनच हिशेब मांडला. वुहानच्या विमानतळावरून रोज सुमारे ३,३०० माणसे परदेशी जात. लागण झाल्यापासून रोगी ओळखू येईपर्यंत साधारण दहा दिवस लागतात असे धरले, तर त्या दहा दिवसांत परदेशी जाणारी माणसे झाली ३३,०००. त्या विमानतळाचा वापर करणाऱ्या मुलखाची वस्ती १ कोटी ९० लाख. म्हणजे दर पावणेसहाशे माणसांमागे एकच परदेशी जाणार. आता परदेशी गेलेल्यांत तीन रोगी निघाले, तर मागे राहिलेल्यांत किती असतील? तीन गुणिले पावणेसहाशे, सुमारे सतराशे. संशोधकांनी १७ जानेवारीला हे प्रसिद्ध केले. त्यांनी आकड्याबरोबर त्याची शंकाही छापली: रोगी सव्वाचारशेइतके कमी किंवा साडेचार हजारांइतके जास्तही असू शकतील. परंतु एक्केचाळीस नक्की नव्हेत.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती हीच. यात न समजण्यासारखे काही नाही. इयत्ता सातवीचे त्रैराशिक आहे. मात्र त्यात एक गृहीत आहे: परदेशी जाणारा माणूस आणि घरी राहणारा माणूस यांना रोग होण्याचा संभव सारखाच. ते गृहीत कच्चे असेल तर उत्तरही कच्चे. अशा गणितात बेरीज-गुणाकार क्वचित चुकतो. तपासावयाचे असते ते गृहीत.

दुसरा हिशेब त्याने दुगुनीचा मांडला. नव्या रोगाविषयी आरंभी दोनच गोष्टी शोधावयाच्या असतात. एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो, आणि एकाला झाल्यापासून पुढच्याला होईपर्यंत किती दिवस जातात. पहिल्याला आपण प्रसाराचा गुणक म्हणू. कोणालाच रोगप्रतिकाराची शक्ती नसताना या नव्या रोगाचा गुणक दोन ते तीनच्या दरम्यान येतो असे तेव्हाचे बहुतेक हिशेब सांगत होते. गोवराचा गुणक बारा ते अठरा असा पुस्तकांतून दिलेला असतो. आता गुणक दोन धरा आणि अंतर पाच दिवसांचे. एकाचे पाच दिवसांत दोन, दहा दिवसांत चार. महिन्याअखेर नवे रोगी चौसष्ट. सुमारे वीस लाखांच्या गावात चौसष्ट माणसे खोकतात, हे कोणाच्या लक्षात येणार? दोन महिन्यांनी चार हजार शहाण्णव. तीन महिन्यांनी दोन लाख बासष्ट हजारांवर.

"तिसऱ्या महिन्यात काही निराळं घडलं नाही, गुरुजी," तो म्हणाला, "लय पहिल्या दिवसापासून तीच आहे."

मी पत्रिकेकडे पाहत राहिलो. अण्णांचे वाक्य मला तेव्हा आठवले.

पुढे त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला सर्वांत भीतिदायक वाटली. समजा रोग शंभरांतल्या एकाला मारतो, आणि लागण झाल्यापासून मृत्यूपर्यंत वीस दिवस जातात. मग गावात आज पहिला मृत्यू झाला, तर त्याचा अर्थ वीस दिवसांपूर्वीच शंभर जणांना लागण झालेली होती. वीस दिवसांत चार दुगुनी; शंभराचे सोळाशे. ज्या दिवशी आपण "एक गेला" असे ऐकतो, त्या दिवशी एका पिढीत सोळाशेंना रोग जडत असतो. जे दिसते ते तीन आठवड्यांपूर्वीचे असते.

येथे वाचकांपैकी कोणी विचारील की हे शास्त्र कालपरवाचे काय? तसे मुळीच नाही, आणि मौज अशी की त्याची मुळे पुष्कळशी आपल्याच भूमीत आहेत. निजामच्या राज्यात, सिकंदराबादेस, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टराला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्यासाठी त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु रॉस स्वतः आपल्या गणिताला फार मानीत, हे थोड्यांस ठाऊक असते. त्या वेळी लोक म्हणत, जगातले सगळे डास कोण मारणार? रॉस यांनी समीकरणे मांडून उत्तर दिले की सगळे मारण्याची गरजच नाही. डास एका मर्यादेखाली आणले की हिवताप आपोआप ओसरत जातो, कारण एका रोग्यापासून सरासरी एकालाही रोग पोहोचत नाही.

रॉस यांच्याबरोबर १९०१ मध्ये आफ्रिकेत सिएरा लिओनला हिवतापाच्या मोहिमेवर गेलेला एक तरुण डॉक्टर होता, अँडरसन मॅकेंड्रिक. पुढे तो हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत आला, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये राहिला, आणि प्रकृती बिघडल्यावर १९२० मध्ये एडिंबरोस परतला. तेथे त्याला विल्यम कर्मॅक हा रसायनशास्त्रज्ञ भेटला. प्रयोगशाळेतील स्फोटात १९२४ मध्ये कर्मॅकचे दोन्ही डोळे गेले होते. या दृष्टिहीन माणसाने आणि आजारपणामुळे हिंदुस्थान सोडलेल्या डॉक्टराने मिळून १९२७ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो या शास्त्राचा पाया समजला जातो. आणि आपले समीकरण वास्तवाशी जुळते का हे पाहण्यासाठी त्यांनी त्यात आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरील प्लेगचे आठवडावार मृत्यू. ज्या घरांतून प्लेगच्या दिवसांत माणसे रानात झोपड्या बांधून राहिली, त्यांच्या दुःखाचे हे टिपण असे एडिंबरोच्या कागदावर वक्ररेषा होऊन उमटले.

त्यांची मांडणी सोपी करून सांगावयाची तर होळीतल्या गोवऱ्या आठवाव्यात. काही सुक्या, काही पेटलेल्या, काहींची राख झालेली. पेटलेली गोवरी शेजारच्या सुक्या गोवरीला पेटवते आणि कालांतराने स्वतः राख होते. आरंभी सभोवार सगळ्या सुक्याच. म्हणून आग दुपटी-चौपटीने वाढते. राख वाढत गेली की पेटलेल्या गोवरीला शेजारी सुकी सापडेनाशी होते आणि आग मंदावते. लोकांचा समज असा असे की साथ थांबते ती जाळण्याजोगे काहीच उरले नाही म्हणून, किंवा जंतूचा जोर सरला म्हणून. या दोघांनी दाखवले की तसे असण्याचे कारण नाही. पुष्कळ सुक्या गोवऱ्या शिल्लक असतानाही आग विझते, फक्त त्या एका मर्यादेहून विरळ झाल्या पाहिजेत. गुणक दोन असेल तर निम्मी माणसे सुरक्षित झाली की साथ उतरू लागते. गुणक तीन असेल तर तिघांतली दोन. लस टोचण्याचा हिशेब याच मर्यादेवर चालतो. आणि लस नसेल, तर गोवऱ्या एकमेकींपासून लांब ठेवणे एवढाच उपाय हाती राहतो.

या निबंधातली मला आवडलेली गोष्ट निराळीच आहे. प्लेग मुळात उंदरांचा रोग. माणसातली साथ ही उंदरांतल्या साथीची पडछाया. मग माणसामाणसांचे सोपे समीकरण तेथे कसे लागू पडावे? ही अडचण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. रेघ आकड्यांवर छान बसली तरी एवढ्यावरून कारण सिद्ध झाले असे मानू नये, हे पुढच्या गणितज्ञांनीही बजावले आहे. ठेका जुळला म्हणून राग ओळखला असे होत नाही.

आरंभीच्या काळात आणखी एक फसवी गोष्ट असते. गुणक दोन म्हणजे प्रत्येक रोगी नेमका दोघांना रोग देतो असे नव्हे. पुष्कळसे रोगी कोणालाच देत नाहीत, आणि एखादा वीसजणांना देतो. २००३ साली सार्सच्या साथीत सिंगापुरात हे स्पष्ट दिसले. त्यामुळे पहिल्या काही ठिणग्या आपोआप विझूनही जातात, आणि लोक म्हणतात, पाहा, काही झाले नाही. सार्सचा गुणकही तीनच्या आसपास होता. तरी जगभर मिळून सुमारे आठ हजार रोगी होऊन ती साथ आवरली. कारण त्या रोगात माणूस चांगला आजारी पडल्यावरच रोग पसरवी, म्हणून त्याला वेगळे ठेवता येई. २०२० च्या रोगात माणूस ठणठणीत असतानाच, गप्पा मारता मारता, गाता गाता, रोग देई. गुणक जवळजवळ सारखाच, आणि परिणामात जमीन-अस्मानाचे अंतर.

असो. मी कार्यक्रम रद्द केला. खरे सांगावयाचे तर गणित पटले म्हणून नव्हे; त्या मुलाचा चेहरा पाहून केला. काकांना सांगावयास गेलो तेव्हा ते पेटी पुसत बसले होते. म्हणाले, "तुझ्या बापाची बरसी तू कुणाच्या तरी पाढ्यावरून मोडलीस?" मी म्हणालो, "काका, पुढच्या वर्षी दुप्पट थाटात करू." ते म्हणाले, "पुढचं वर्ष कुणी पाहिलंय?" आणि पेटी झाकून ठेवली.

मध्यप्रदेशातले पहिले रोगी २० मार्चला जबलपुरास सापडले. २२ तारखेच्या संध्याकाळी आपल्या राजवाड्यापुढे लोक थाळ्या वाजवीत गर्दी करून जमले. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच इंदुरातही रोगी आढळले, २५ मार्चपासून सारा देश बंद झाला, आणि एप्रिलमध्ये इंदूर देशातल्या अतिशय बाधित शहरांत गणले जाऊ लागले. आम्ही रविवारी ज्या दिवाणखान्यात सत्तर-ऐंशी माणसे बसवणार होतो, त्यांच्यात कोणी रोगी असता का? कोणास ठाऊक. कदाचित एकही नसता, आणि कार्यक्रम झाल्याने काहीच बिघडले नसते. हीच या गणिताची अडचण आहे. ऐकले नाही तर ते खरे ठरते आणि माणसे मरतात. ऐकले तर काही घडत नाही आणि ते खोटे वाटते. "काहीच केले नाही तर इतके होतील" या वाक्यातला पहिला भाग लोक विसरतात आणि दुसरा भाग भविष्य म्हणून लक्षात ठेवतात.

म्हणून गणिताची पूजा करावी असेही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीचे गणित असे होते की साथीचा कळस होऊन गेला आणि काळजी घेतली तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती जवळजवळ संपेल. एप्रिल २०२१ मध्ये जे झाले ते प्रत्येक घराला आठवते. जंतूचे रूप बदलले होते, गुणक वाढला होता, आणि लोकही निर्धास्त झाले होते. जुन्या गुणकावर मांडलेले गणित नव्या जंतूने जुमानले नाही. गणित आपण दिलेल्या आकड्यांवर चालते. आकडे बदलले हे त्याला आपण सांगावे लागते.

गणित इतकेच सांगू शकते की लवकर केलेल्या गोष्टीची किंमत किती. आमच्या उदाहरणात पाच दिवस आधी हात आवरला तर रोगी निम्मे, दहा दिवस आधी आवरला तर चतुर्थांश. उशिरा केलेल्या मोठ्या बंदोबस्ताला जे जमत नाही ते आरंभीच्या लहानशा आवर घालण्याला जमते. पण आवर कशाला घालावयाचा आणि कोणी काय सोडावयाचे, हे लोकांना पटवून देणे समीकरणाचे काम नव्हे.

ते काम कसे करावे याचा एक नमुना याच गावात होऊन गेला. १९१७ मध्ये तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाला नगररचनेसाठी बोलावले. गावात प्लेगचे भय होते. गेडिसने सक्तीचा हुकूम काढवला नाही. त्याने दिवाळीला एक दिवसापुरता स्वतःकडे महाराजांचा मान मागून घेतला, आणि मोठी मिरवणूक काढली. मिरवणूक जुन्या ठरलेल्या वाटेने न जाता, ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून जाईल असे जाहीर केले. मग काय, मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनी आपण होऊन घरे झाडली, कचरा गाड्या भरभरून बाहेर काढला. मिरवणुकीत रावणासारखा राक्षस होता आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. शेवटी त्यांचे दहन झाले. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या निबंधाला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. गेडिसजवळ समीकरण नव्हते. पण आग विझवावयाची तर गोवऱ्या आधी दूर कराव्या लागतात, आणि त्या लोकांच्याच हातांनी कराव्या लागतात, हे त्याला ठाऊक होते.

काकांचे सांगावयाचे राहिले. साथीने त्यांना काही केले नाही. ते घरातच राहिले, कोणाला भेटले नाहीत, आणि त्याच वर्षाच्या शेवटी वार्धक्याने गेले. अखेरपर्यंत माझ्याशी मनमोकळे बोलले नाहीत. पुढचे वर्ष त्यांनी पाहिले नाही. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. १५ मार्चचा लेहरा हा त्यांचा शेवटचा लेहरा झाला असता, आणि तो मी होऊ दिला नाही.

पुढे एकदा मी त्या विद्यार्थ्याला विचारले, "तुझ्या गणितात काका कुठे होते रे?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्या गणितात ते ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ होते, गुरुजी. त्यांना वाचवायचं होतं. ते पेटी वाजवतात हे गणितात नव्हतं. ते तुम्हीच मांडायला हवं होतं."

त्याचे बरोबर आहे. मी मांडू शकलो असतो. मुले न जमवता, एकटाच पखवाज घेऊन त्यांच्या अंगणात, चार हात लांब बसलो असतो, तर त्यांनी लेहरा धरला असता. ते मला तेव्हा सुचले नाही. रद्द करावयाचे किंवा करावयाचे नाही, एवढ्या दोनच गोष्टी मला दिसल्या.

नवे रोग पुढेही येतील. त्यांची पहिली बातमी आतल्या पानावर चार ओळींची असेल आणि आकडा लहान असेल. तेव्हा आकड्याकडे न पाहता दोन प्रश्न विचारावेत: तो किती दिवसांत दुप्पट होतो, आणि जो दिसतो तो किती दिवसांपूर्वीचा आहे. आणि तिसरा, जो गणितज्ञाला विचारता येत नाही: थांबवताना काय काय थांबते आहे, आणि त्यातले काय निराळ्या रीतीने चालू ठेवता येईल.

काकांची पेटी त्यांच्या मुलाने आमच्या वर्गाला दिली आहे. अण्णांच्या पुण्यतिथीला आता तिच्यावरच लेहरा धरला जातो. वाजवणारा मुलगा सतरा वर्षांचा आहे, आणि चौगुनीत अजून थोडा घाई करतो.